ध्रुवला झोपवणाऱ्या दोघी

मी एक जुना लाकडी पाळणा आहे. बंगळुरातल्या चामराजपेटमधल्या मल्लाप्पा सुताराने मला फणसाच्या लाकडातून घडवले आणि माझ्या कठड्यावर लाखेचे लाल-पिवळे पोपट बसवले. तिथल्या एका मराठी घरात सात बाळे माझ्या कुशीत वाढली. ती मोठी झाली आणि मी माळ्यावर गेलो. माझ्यात जुन्या चादरी, मोडक्या छत्र्या साठल्या. पोपट धुळीने झाकून गेले.

मग त्या घरातल्या गोजराबाई त्याच शहरातल्या हेब्बाळला ध्रुव नावाच्या पाच महिन्यांच्या बाळाला सांभाळू लागल्या. ध्रुवचे आईबाबा, शुभदा आणि अजित, पुण्याहून नोकरीसाठी आलेले. गोजराबाईंनी मला घासूनपुसून टेम्पोतून तिकडे नेले. शुभदाने पोपटांवरून हात फिरवला. मित्रांनो, किती वर्षांनी कुणी मला कौतुकाने पाहिले!

दिवसा गोजराबाई मला झोका देत आणि कन्नड-मराठी मिसळून काहीबाही गुणगुणत. संध्याकाळी शुभदा येई. ती गात नसे, ध्रुवच्या तळपायावरून बोट फिरवत राही. दोघींची रीत निराळी, पण ध्रुव दोघींजवळही शांत झोपे.

तो दहा महिन्यांचा झाला तेव्हाची गोष्ट. एका संध्याकाळी शुभदाने हात पुढे केले आणि ध्रुवने गोजराबाईंच्या खांद्यात तोंड लपवले. शुभदा हसली, पण आठवडाभर गप्प गप्प राहिली. शुक्रवारी तिने गोजराबाईंना सांगितले की ती रजा घेते आहे, सोमवारपासून येण्याची गरज नाही. गोजराबाई नुसते "सरी", म्हणजे बरं, म्हणाल्या. ध्रुव झोपला होता. त्याला न उठवताच त्या निघून गेल्या.

सोमवारपासून लिफ्ट वाजली की ध्रुव रांगत दाराशी जाई. मऊ भात भरवला तर जिभेने बाहेर ढकले. माझ्यात ठेवले तर डोळे उघडे ठेवून पडून राही. मी झुलत होतो, पण माझ्या झुलण्याचा काही उपयोग नव्हता.

गुरुवारी शेजारच्या घरात ड्रिल सुरू झाले. ध्रुव दचकला आणि तडक आईकडे रांगत गेला. तिने उचलताच तिला घट्ट बिलगला. रडणे थांबल्यावर मात्र, तिच्याच कडेवरून, त्याने दाराकडे बोट दाखवले.

त्या संध्याकाळी शुभदा अजितला म्हणाली, "तो मला विसरला नव्हताच. मीच त्याचं माणूस काढून घेतलं."

दुसऱ्या दिवशी ती ध्रुवला घेऊन चामराजपेटला गेली आणि गोजराबाईंना सोबत घेऊनच परतली. माझा कठडा धरून ती त्यांना म्हणाली, "मला तुमचा हेवा वाटला."

गोजराबाई म्हणाल्या, "मला पण वाटायचा, अक्का. तुम्ही आलात की तो पाय नाचवायचा, माझ्याकडे बघायचा पण नाही. स्वल्प दुखायचंच."

तेव्हापासून कुणीच गुपचूप जात नाही. शुभदा सकाळी आणि गोजराबाई संध्याकाळी ध्रुवला सांगून निघतात. तो थोडा रडतो, मग खेळायला लागतो.

आता ध्रुव चालतो. त्याचे पाय माझ्यात मावत नाहीत. मित्रांनो, मला पुन्हा माळ्यावर ठेवले तरी माझी तक्रार नाही. पण बाळाचे माणूस त्याच्या आयुष्यातून असे अचानक उचलून नेऊ नका. आणि आज घरी विचारा, लहानपणी तुम्हाला कोण झोपवत असे? पहिले नाव ऐकून थांबू नका. पुढची नावेही विचारा.