फाइव्ह जीचा मार

हे लिहिणारच नव्हतो. आम्ही डिलिव्हरीवाले. ऑर्डर आली की फोनवर ज्याचं बोट आधी पडेल, त्याची. आमच्यातल्या लंबूने फाइव्ह जी फोन घेतला आणि सगळ्या ऑर्डरी तोच उचलायला लागला.

आज आम्ही ऑर्डरची वाट बघत थांबतो त्या स्टँडवर आमच्यातल्याच टकल्याने हेल्मेटच त्याच्या तोंडावर हाणलं. "घे, हा माझा स्पीड!" लंबूचे पुढचे दात पडले. मग बाकीच्यांनी त्याला लाथांनी तुडवला, फोन विटेने ठेचला. मी मध्ये पडलो, तर माझी बरगडी गेली.

दवाखान्यात लंबू रक्ताळलेल्या तोंडाने पुटपुटला, "फोन भारी होता रे भावा. परत घेऊ का?"

"घे की," मी म्हटलं. "या वेळी स्टँडवर तुझ्या पाठीला पाठ लावून मी उभा राहीन. शब्द देतो."