दोन टिचक्या

रतनताईंनी तूप-गूळ लावलेली पोळी ताटलीत चुरली आणि ताटली दाराबाहेर पायपुसण्याशेजारी ठेवली. कुत्री पुढे झाली नाही. शेपटीची गुंडाळी पाठीवर ठेवून ताटलीकडे टक लावून बसली.

"खा गं बाई. तू खाल्ल्याशिवाय मला जेवता यायचं नाही."

गुरुवारी दत्ताला नैवेद्य, मग कुत्र्याला पोळी, मग आपलं पान. एकवीस वर्षांत हा नेम चुकला नव्हता. पण वर्तकनगरच्या त्यांच्या सोसायटीनं फाटकाशी कुत्र्यांना खायला घालायला बंदी केली आणि पंचाईत झाली. तोड काढली समोरच्या योगिनीनं. ती सुट्टीला कुत्र्यांच्या निवाऱ्यात कामाला जायची. तिथलं कुत्रं दिवसभरासाठी बाहेर आणता यायचं, पाचला परत. तुमचा नेम होईल, हिची पिकनिक, असं ती म्हणाली. कुत्र्यानं उंबरा ओलांडायचा नाही, एवढ्या अटीवर रतनताई राजी झाल्या होत्या.

"निवाऱ्यातपण हेच नखरे, काकू," योगिनी दाराशी टेकून म्हणाली. "बाकीच्यांचं चाटूनपुसून होतं, ही आपली बसूनच. कसली वाट बघते कोण जाणे."

"माझ्यापेक्षा कडक सोवळं दिसतंय हिचं." रतनताई हसल्या. "थांब, मी पान घेऊन बसते. बघून तरी खाईल."

त्या दारासमोर पाट मांडून बसल्या. ताटाभोवती पाणी फिरवलं आणि हाताच्या सवयीनं ताटाच्या कडेला दोन टिचक्या मारल्या.

कुत्रीनं ताटलीत तोंड घातलं.

"आयला, जादू!" योगिनी म्हणाली.

रतनताईंचा हात ताटावर तसाच राहिला. मग त्या उठल्या, कुत्रीच्या तोंडाखालची ताटली काढून घेतली, पुन्हा ठेवली. कुत्री बसली. त्यांनी बोटानं ताटलीला दोनदा टिचकी मारली. कुत्री खाऊ लागली.

ती सवय त्यांच्या सासऱ्यांची. कोकणात केळीच्या पानाला ते खालून टिचकी मारायचे. पानावर मुंगी असली तर तिला जाऊ द्यावं म्हणून. पानं गेली, स्टील आलं, टिचक्या राहिल्या. सासरे गेले, यजमान गेले. आता टिचक्या मारणारी दोनच माणसं उरली होती. एक त्या, दुसरा डोंबिवलीचा सुशांत.

सुशांतच्या घरी चकली नावाची कुत्री होती. म्हणून रतनताई कधी मुलाकडे राहायला गेल्या नव्हत्या. मागच्या दिवाळीत मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तेव्हाही त्यांनी फोनवर सांगितलं होतं, "कुत्र्याच्या घरात माझे देव यायचे नाहीत." आवाज चढवून नव्हे, नेहमीसारखं हळूच. आठवड्यानं सुशांत म्हणाला, तिला मित्राच्या शेतावर दिली, आता ये. त्या दोन महिने राहून आल्या. दत्तानंच वाट काढली, असं चारचौघींना सांगितलंही.

"ही निवाऱ्यात कधी आली गं?"

"मागच्या दिवाळीत. पुलाखाली बांधून ठेवलेली कुणीतरी. शेजारी पाण्याची वाटी ठेवलेली, काकू. वाटी ठेवायला सुचलं बघा."

रतनताई कुत्रीपुढे वाकल्या.

"चकली?" त्या पुटपुटल्या.

कुत्रीचे कान उभे राहिले.

"हिचं नाव रुबी आहे," योगिनी म्हणाली. रतनताईंनी ते ऐकलं नाही. त्या पाटावर येऊन बसल्या होत्या आणि मोबाइलवर सुशांतचं नाव शोधत होत्या. डोळ्यांच्या ऑपरेशनपासून फोन नेहमी स्पीकरवरच असायचा.

"बोल आई. जेवलीस?"

"बसलेय. सुशांत, चकली कशी आहे रे?"

"चकली? आज कुठून आठवली तुला? मजेत आहे गं. शेतभर नुसती पळते. गेल्या रविवारीच भेटून आलेलो."

कुत्री उंबरा ओलांडून आत आली. ताटाला वळसा घालून तिनं नाक फोनला लावलं आणि लहान मुलासारखा बारीक सूर धरला.

"काकू, ती आत..." योगिनी पुढे झाली. रतनताईंनी हातानंच तिला थांबवलं.



"आई," सुशांत म्हणाला, "तुझ्याकडे कोण आहे?"

रतनताईंनी फोन जमिनीवर, कुत्रीच्या पुढ्यात ठेवला आणि हात मांडीवर घेतले. ताटाभोवतीचं पाणी वाळलं होतं. कडेवरून एक मुंगी भाताच्या मुदीवर चढली, तिच्यामागून दुसरी. त्या बघत राहिल्या. टिचकी मारायला त्यांचा हात उठला नाही.