झाकण मिटलं की वायफाय गुल

रहिमतपुरात पीरमहंमद पिंजाऱ्याच्या घरी कुठलीच वस्तू उघडी राहत नाही. गाद्यांचा कापूस पिंजायचा धंदा, घरभर नुसता कापूस उडतो. डाळीचा डबा, पाण्याचा हंडा, सगळ्यांवर झाकण. झाकण उघडं दिसलं की त्यांच्या बायकोचा, ताहेराचा, हात आपोआप ते मिटायला जातो. त्यात लेक फिरदोसनं जुना लॅपटॉप आणला, आणि त्यालाही झाकण! मग काय विचारता!

फिरदोस पाणी प्यायला उठली की ताहेरानं लॅपटॉप मिटलाच. मिटला की तो झोपायचा. उघडला की पडदा उजळायचा, पण वायफाय गुल! बंद करून पुन्हा चालू केला तर यायचं, पण ते धूड उठायला दहा मिनिटं घ्यायचं.

"अम्मी, हात लावू नको गं!"

"न्हाई लावत. पर कापूस जाईल की आत!"

आणि सोमवारी अकराला ह्याच लॅपटॉपवर पुण्याच्या कंपनीची मुलाखत. दोन कंपन्यांनी आधीच नको म्हटलेलं. ही हुकली तर साताऱ्याला मावशीच्या ओळखीच्या कापडदुकानात उभं राहायचं, असं घरात ठरलेलं.

फिरदोस हट्टाला पेटली. चार दिवस डोकं खाजवलं तेव्हा चोर सापडला. वायफाय चालवणारा छोटा प्रोग्राम, त्याला ड्रायव्हर म्हणतात, तो झोपेतून उठला तरी गुंगीतच बसायचा. त्याला बाहेर काढून परत आत घेतला की गडी टवटवीत! मग तिनं चार ओळी लिहून ठेवल्या. लॅपटॉप झोपण्याआधी ड्रायव्हर आपणहून बाहेर, उठल्यावर आपणहून आत. दिवसभर तिनं मिटून उघडून बघितलं. दरवेळी वायफाय आलं. पोरगी खोलीभर नाचली.

सोमवारी अब्बांनी कापूस पिंजायचं मशीन बंद ठेवलं. पडद्यावर एक मॅडम आणि एक चष्मेवाले साहेब आले.

"अलीकडं सोडवलेली एखादी अडचण सांगा," साहेब म्हणाले.

फिरदोसनं कापसापासून सगळं सांगितलं. साहेबांचा चेहरा काही हलला नाही.

"बोलायला ठीक आहे. आता मिटून दाखवा."

नेमकं आत्ताच वायफाय नाही आलं तर? पण तोंडातून निघून गेलं, "आमच्याकडं मिटणारी वेगळी आहे. अम्मी, ये. मीट."

ताहेरानं दोन्ही हात पाठीमागं नेले. "आगं बया! म्या न्हाई. आठ दिस बोलणी खाल्ल्यात त्यापायी!"

मॅडम फिसकन हसल्या.

"मीट गं, हात जोडते!"

ताहेरानं डाळीच्या डब्यासारखं अलगद झाकण लावलं. मुलाखत तुटली. फिरदोसनं झाकण उघडलं. पडदा उजळला. वायफायची खूण नाही. नाही... अजून नाही... आली! मुलाखत परत जोडली गेली, आणि साहेब चक्क टाळ्या वाजवत होते.

"आमच्या ऑफिसात निम्मे लॅपटॉप असेच रुसतात," मॅडम म्हणाल्या. "एक तारखेपासून या."

फिरदोस किंचाळली. अब्बांनी खुशीत मशीन सुरू केलं आणि कापूस उडायला लागला. ताहेरा लगबगीनं पुढं आली.

"आता तरी झाकू का?"

"झाक अम्मी, पायजे तेवढ्यांदा झाक!"

ताहेरानं हात पुढं केला आणि तो तसाच राहिला. "आन् पुण्यात कोण झाकंल गं?"

फिरदोसनं तिला घट्ट मिठी मारली. दोघी हसत होत्या, रडत होत्या, आणि लॅपटॉप उघडाच राहिला.