आजोबांचा नेम

माणूस बघताक्षणी त्याच्यात शिकायचा किती दम आहे ते आपल्याला कळतं, असं क्लच मास्तरांचं स्वतःबद्दल ठाम मत होतं. दिवसभर ते ड्रायव्हिंग स्कूल चालवायचे. पाचच्या ठोक्याला स्कूल हाताखालच्या शिक्षिकेवर सोपवून घरी यायचे आणि कॉम्प्युटरवर बास्केटबॉलचा संघ चालवायचे. खेळ ऑनलाइन, खेळाडू नुसते आकड्यांचे: वय, उंची, नेम, बचाव आणि पुढे किती शिकेल त्याची क्षमता. अठरा वर्षांच्या एकेका पोराची कुंडली मांडण्यात मास्तरांची अख्खी संध्याकाळ जायची.

"अहो, मला गाडी शिकवा," बायको म्हणाली. तिची थोरली बहीण पडून अंथरुणाला खिळली होती. घर तसं तासाभरावर, पण जायला बस दुपारची आणि परतीची शेवटची चारला. "गेल्या पावली परत यावं लागतं. तिला साधं जेवू घालणंही होत नाही."

"अगं, बावन्नाव्या वर्षी?" मास्तरांनी स्क्रीनवरून मानसुद्धा वळवली नाही. "अठ्ठाविशी ओलांडली की सराव म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. माझ्याकडे तक्ता आहे."

"मग स्कूलमध्ये साठीचे लोक घेता ते?"

"ते फी देतात."

बायकोला असा राग आला, की विचारू नका. पण ती भांडली नाही. तिनं स्क्रीनच्या तळाशी बोट ठेवलं. "हा कोण?"

"तो होय? चौतिशीचा आहे. मी त्याला आजोबा म्हणतो. काढून टाकायचा राहिलाय."

"याला दोन महिने शिकवा. याचा नेम एका आकड्यानं वाढला, तर मला शिकवायचं. लावता पैज?"

मास्तर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले आणि हो म्हणाले.

खेळाचा नियम असा, की जो मॅच खेळेल त्यालाच सराव मिळेल. झालं! आजोबा दर मॅचला मैदानात, आणि संघाचा दर मॅचला बोऱ्या. दर शुक्रवारी नवे आकडे लागायचे. आजोबांचा नेम सात तो सातच. तिसऱ्या आठवड्यात मास्तर चिडले, पाचव्यात इरेला पेटले. "वाढ रे बाबा, एकदा तरी वाढ!" असं ते स्क्रीनला विनवू लागले. तो वाढला तर पैज आपणच हरणार, हे ते साफ विसरले होते. बायको रोज संध्याकाळी भाजीला म्हणून जायची आणि तासाभरानं दोन लिंबं घेऊन परतायची. फ्रीजमध्ये लिंबांचा ढीग साचला, तरी मास्तरांनी एका शब्दानं विचारलं नाही.

शेवटचा शुक्रवार आला. सात.

"नाही गं वाढला," मास्तर म्हणाले. जिंकले होते, पण त्यांना मनापासून वाईट वाटलं.

बायकोनं कीबोर्डवर लायसन्स ठेवलं. "त्याचा नसेल वाढला. माझा वाढला."

मास्तरांनी लायसन्स उलटसुलट करून पाहिलं. "कुणी... कुणी शिकवलं तुला?"

"तुमच्याच स्कूलनं. फी भरलीय हो, पूर्ण." तिनं प्रगतिपत्रकही पुढे केलं. शिक्षिकेनं शेरा मारला होता: 'शिकण्याची क्षमता उत्तम. आधी कुणीतरी उगाच घाबरवून ठेवलेलं दिसतं.' खाली 'सहमत' असा शिक्का, आणि त्यावर मास्तरांची स्वतःची लफ्फेदार सही. असे गठ्ठे ते न वाचताच हातावेगळे करायचे.

मास्तरांनी तो शेरा दोनदा वाचला. कान तापले. मग त्यांनी मुकाट्यानं कॉम्प्युटर बंद केला. आजोबांना मात्र संघात तसंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दोघं घरच्या गाडीनं बहिणीकडे निघाली. डबा मास्तरांच्या मांडीवर, स्टिअरिंग बायकोच्या हातात. पहिल्याच वळणावर समोरून ट्रक आला आणि मास्तरांनी उजवा पाय दाणकन खाली दाबला.

"अहो, तिथे ब्रेक नाही," बायको समोर बघत म्हणाली आणि ट्रकला सफाईनं बाजू दिली. "ही स्कूलची गाडी नाही."

"माहितेय," मास्तर म्हणाले आणि पाय मागे घेतला.