पाच लिटरचा कॅन

पेनांगच्या त्या डोंगरावर खू अंकलचा एकच कायदा चालतो: जो पाणी आणील त्याला चहा. वर चौथ्या थांब्यावर पत्र्याची शेड आहे. तिथे एक मोठी चूल, एक मोठी किटली आणि किटलीहून मोठ्या आवाजाचे खू अंकल असतात. जानेवारी लागला की शेडमागचा झरा आटतो. मग दर रविवारी चढणाऱ्या मंडळींनी पायथ्याच्या नळावर पाच-पाच लिटरचा कॅन भरायचा, पाठपिशवीत घालायचा आणि वर नेऊन सगळ्यांदेखत पिंपात ओतायचा. वय, गुडघे, रक्तदाब, कसलीच सबब चालत नाही. एकदा एका निवृत्त न्यायाधीशांना त्यांनी चहाशिवाय परत पाठवलं होतं आणि ती हकीकत खू अंकल अजून दर रविवारी कोणाला तरी गाठून सांगतात.

स्वी किम एकोणीस वर्षं हा कॅन वाहत आली होती. आता ती एकाहत्तरची होती. गेल्या ऑगस्टात ओल्या पानांवरून घसरून तिचा घोटा मुरगळला आणि रेनकोट व बांबूची झोळी करून मंडळींनी तिला खाली आणलं. झोळीत पडल्या पडल्या ती कुठे वळायचं ते सांगत होती. तिच्या दृष्टीने तो मजेचा प्रसंग होता. पण तेक हुआतने, म्हणजे शाळेची व्हॅन चालवून निवृत्त झालेल्या तिच्या जुन्या दोस्ताने, क्वालालंपूरला तिच्या मुलीला, पेई यिनला, फोन केला आणि धीर द्यायच्या भरात सांगितलं, "काळजी करू नकोस बाळ, तुझ्या आईला चौघांनी उचलून आणलंय." तेक हुआतचं धीर देणं असंच असतं.

त्यामुळे चिनी नव्या वर्षाच्या सणाला पेई यिन घरी आली ती संत्र्यांच्या पेटीबरोबर मोबाइलमध्ये एका खोलीचे फोटो घेऊनच.

"न्हाणीत धरायला दांडा लावून घेतलाय," ती म्हणाली. "आणि हे बघ, पिवळे पडदे."

"माणूस राहायला आल्यावर पडदे लावतात."

"माणूस येणार आहे म्हणूनच लावलेत. सण झाला की तू माझ्याबरोबर येतेस, आई."

दोन दिवस वाद झाला. तिसऱ्या दिवशी पेई यिनने तोड काढली. रविवारी ती स्वतः डोंगरावर येईल. आईने सगळ्यांसारखा पाच लिटरचा कॅन, कोणाचीही मदत न घेता, नऊच्या आत वर नेऊन दाखवायचा. नेला तर क्वालालंपूरचं नाव पुन्हा निघणार नाही. नाही नेला तर मुकाट्याने सामान बांधायचं. स्वी किमने छाती पुढे काढून कबूल केलं. मग स्वयंपाकघरात जाऊन गुडघा दाबत बसली, कारण डिसेंबरपासून तिसऱ्या थांब्याच्या पुढे तो गुडघा तिचं ऐकत नसे आणि ही गोष्ट तिने कोणालाही सांगितलेली नव्हती.

तेक हुआत आणि लोगेश्वरी यांना अर्थातच ती न सांगता माहीत होती. लोगेश्वरी, त्यांच्याच रविवारच्या टोळीतली, इस्पितळात तीस वर्षं नर्स होती. चालण्यावरून माणसाचं दुखणं ओळखायची. शनिवारी कॉफीच्या दुकानात दोघं म्हणाली, तुझं थोडं पाणी आम्ही वाटून घेतो, कोणाला कळणारसुद्धा नाही.

"मला कोणाची मेहेरबानी नको," स्वी किम फणकारली. "मी पडेन नाहीतर चढेन."

मनात तिचा बेत वेगळाच होता. कॅन मुळात निम्माच भरायचा. तो जुना तेलाचा कॅन होता, आतलं बाहेरून दिसत नसे.

रविवारी सकाळी साडेसहाला नळावर हा बेत पाण्यात गेला. पेई यिनने तिच्या हातातून कॅन काढून घेतला. "इकडे दे. मी भरते. तुमच्या या टोळीवर माझा काडीचा विश्वास नाही." तिने पाठमोरी होऊन कॅन भरला, झाकण दात-ओठ खाऊन आवळलं आणि आईच्या पिशवीत घातला. स्वतःचाही भरून पाठीवर घेतला.

पिशवी खांद्यावर येताच स्वी किमचे गुडघे करकरले. पाच लिटर म्हणजे पाच लिटर, ती स्वतःशी म्हणाली. पायऱ्या सुरू झाल्या. मागून कुठून तरी पाण्याची डुचमळ ऐकू येत होती. काठोकाठ भरलेला कॅन वाजत नाही, हे एकोणीस वर्षांच्या अनुभवाने तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे तेक हुआतने आज अंगचोरी केली, असं तिने ठरवलं आणि मनातल्या मनात त्याला दोन शिव्या हासडल्या. आपण इथे ओझ्याने मरतोय आणि हा लबाड पोकळ कॅन मिरवत चाललाय.

पहिल्या थांब्यापर्यंत तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. पेई यिन समुद्राचा फोटो काढत उभी होती. "जरा झाडामागे जाऊन येते," असं सांगून स्वी किम मोठ्या नेच्यांच्या मागे गेली, पिशवी घेऊनच गेली, आणि दहा आकडे मोजेपर्यंत कॅनमधलं पाणी नेच्यांना पाजलं. अंदाजे एक लिटर. त्या कोरड्या दिवसांत नेच्यांनी एवढी चैन कधी केली नसेल. तिला लाज वाटली, पण गुडघ्याला वाटली नाही.

आता तिच्याच पाठीवर डुचमळ वाढली. पेई यिन बरोबर मागे होती. म्हणून स्वी किमने व्यायामाच्या वर्गात घेतात तशी मोठ्याने मोजणी सुरू केली. एक, दोन, तीन, चार. एक, दोन, तीन, चार. तेक हुआतने लगेच सूर मिळवला. लोगेश्वरी टाळ्या वाजवू लागली. पायऱ्या उतरणारी अनोळखी माणसं बाजूला होऊन बघत राहिली.

दुसऱ्या थांब्यावर सगळ्यांनी पिशव्या बाकावर टाकल्या. "माकडं फार झालीत, मी राखण करतो, तुम्ही पाय मोकळे करा," तेक हुआत म्हणाला. त्याने याआधी कधी कशाची राखण केल्याचं कोणाच्या स्मरणात नव्हतं. परत आल्यावर स्वी किमला बाकाखाली मोठा ओघळ दिसला. माकडं, तिने ठरवलं.

आणि तिथून पुढे नवल घडलं. तिचे पाय उचलू लागले. पिशवी हलकी वाटू लागली. एवढ्या वर्षांचा सराव काही फुकट जात नाही, तिने स्वतःला शाबासकी दिली. शिवाय काल रात्री जिनसेंगचं सूप घेतलं होतं, त्याचाही गुण असणार. एका लिटरने एवढा फरक पडतो का, असा प्रश्न तिला पडायला हवा होता. पण अंगात आलेल्या माणसाला प्रश्न पडत नाहीत.

"दमलीस का गं?" तिने वळून विचारलं. पेई यिनचा चेहरा शिजवलेल्या खेकड्यासारखा लाल झाला होता. "ऑफिसात लिफ्ट असते ना तुमच्या? सवय राहत नाही मग."

"मी ठीक आहे, आई. तू पुढे बघ."

"मी बघतेच आहे. तू माझ्या पाठीकडे बघत ये, म्हणजे रस्ता चुकायची नाहीस."

तिसऱ्या थांब्यावर लोगेश्वरीने तिला बळेच बसवलं, गुडघ्याला बाम चोळला आणि म्हणाली, "डोळे मीट. वीस श्वास घे. मी तोवर तुझ्या पिशवीचे पट्टे सारखे करते." स्वी किमने वीस श्वास घेतले. मागे ओढ्यासारखं काहीतरी वाहत होतं. तिथे ओढा नाही हे तिच्या लक्षात आलं नाही. शेवटच्या टप्प्याला ती तेक हुआतलाही मागे टाकून गेली आणि नऊला वीस मिनिटं कमी असताना तिने शेडमध्ये पाऊल टाकलं, तेव्हा तिच्या तोंडावरचं हसू कानापर्यंत गेलं होतं.

खू अंकल खिडकीतल्या माकडाला लाटण्याने धमकावत होते. त्या खिडकीला झडप नव्हती आणि दर रविवारी बिस्किटांचा एक पुडा तिथून जायचा. माकड गेल्यावर त्यांनी पिंपाचं झाकण काढलं. "ओता."

तेक हुआतने पाच लिटर ओतलं. लोगेश्वरीने ओतलं. पेई यिनने ओतलं. मग स्वी किम पुढे झाली. मुलीकडे एकवार बघून तिने कॅन दिमाखात उलटा केला.

गळगळ, गळगळ आणि संपलं.

खू अंकलनी कॅन तिच्या हातून घेतला, उलटा धरून बुडाला थापटी मारली. चार थेंब पडले. "हे काय, डोळ्यांत घालायचं औषध आणलंस?"

शेडमधली बारा-पंधरा माणसं पिंपाभोवती जमली. स्वी किमला कळेना. एक लिटर आपण ओतलं, मग बाकीचं कुठे गेलं? पिवळे पडदे तिच्या डोळ्यांपुढे हलायला लागले. खू अंकलनी कॅनला तोंड लावून फुंकर मारली, बोटाने शिवण चाचपली. "गळत नाही. बोला. कोणी काय केलं?"

"एक लिटर मी," स्वी किम म्हणाली. "पहिल्या थांब्यावर. नेच्यांना."

तेक हुआतने घसा खाकरला. "एक मी. राखण करताना."

"एक माझंही," लोगेश्वरी म्हणाली. "ती कोसळली असती तर पुन्हा चौघं लागली असती, आणि आता आपल्यात उचलणारे उरलेत कोण?"

"चोरांनो," स्वी किम म्हणाली. "मला वाटलं माझ्याच अंगात जोर आलाय."

खू अंकलनी भिंतीच्या फळीवर खडूने लिहिलं. तीन लिटर वाटेत गेलं. पिंपात आलं अर्धा लिटर. "दीड कमी आहे. दीड लिटर कोणी प्यायलं?"

तेक हुआतने शपथ घेतली, लोगेश्वरीने दोन्ही हात वर केले. पेई यिन बाकावर बसून बुटांची नाडी सोडत होती. नाडी सुटलेलीच होती.

"मी तो पूर्ण भरलाच नव्हता," ती म्हणाली.

खू अंकलचा खडू फळीवर थांबला. साठ वर्षं डोंगर चढलेला माणूस. असलं काही त्यांनी ऐकलं नव्हतं. "परीक्षा घेणारीनेच पेपर फोडला," ते हळूहळू म्हणाले. "परीक्षा रद्द."

"रद्द म्हणजे मी पास की नापास?" स्वी किमने विचारलं.

"रद्द म्हणजे रद्द. पुन्हा द्यायची. आणि तोवर तुम्हा दोघींना चहा नाही. साडेचार लिटर पाणी आणा."

तिसऱ्या थांब्याखाली खडकातून एक धार येते. बोटाएवढी, त्या दिवसांत करंगळीएवढी. पाच लिटर भरायला अर्धा तास जातो. पेई यिन एकटीच निघाली होती, पण स्वी किम काठीसारखा तिचा दंड धरून उतरली. कॅन धारेखाली ठेवून दोघी दगडावर बसल्या.

"तू भरून दिला असतास तर मी पहिल्या वळणावरच बसले असते," स्वी किम म्हणाली. "जिंकली असतीस की."

"तेच डोळ्यांपुढे आलं नळावर. तू बसलीयेस, आणि मी जिंकलेय. नको वाटलं मला ते." पेई यिन धारेकडे बघत होती. "त्या दिवशी फोन आला ना, तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात बसले होते. अर्धा तास मला उठताच आलं नाही, आई. चौघांनी उचलून आणलं म्हणाले."

"तो तेक हुआत मूर्ख आहे."

"आहेच. पण तू पडली होतीस."

स्वी किमने गुडघ्यावर हात ठेवला. मग बऱ्याच दिवसांनी खरं बोलली. "डिसेंबरपासून हा दुखतो. चढताना भीती वाटते. पण त्या खोलीची जास्त वाटते. तू सकाळी जाणार, संध्याकाळी येणार आणि मी दिवसभर पडदे बघणार. मी तिथे पडणार नाही, पण संपेन गं."

पेई यिनने डोळे पुसले आणि लगेच वाटाघाटीला बसली. ती तिच्या ऑफिसात हेच काम करते. "यापुढे दोन लिटर."

"चार."

"दोन, आणि हातात काठी."

"काठी म्हातारे घेतात. तीन."

"अडीच, काठी, आणि तो न्हाणीतला दांडा मी इथल्या घरात लावून घेणार."

"दांडा लाव," स्वी किम म्हणाली. "तो बरा दिसत होता."

कॅन काठोकाठ भरला. वर नेताना तो जराही वाजला नाही. पेई यिन दर दहा पायऱ्यांनी थांबत होती आणि स्वी किम प्रत्येक वेळी मागे वळून, काही न बोलता, लिफ्टचं बटण दाबल्याची खूण करत होती.

पिंपात पाणी पडल्यावर खू अंकलनी अडीच लिटरची मागणी ऐकून घेतली आणि मान हलवली. "कायदा पाचाचा आहे. न्यायाधीशांना सूट दिली नाही. पण एकाचे पाच दोघांनी आणू नयेत, असं मी कुठे म्हटलंय? उरलेले अडीच कोण आणणार?"

तेक हुआतने हात वर केला. लोगेश्वरीनेही. "चोरून ओतण्यापेक्षा उघड वाहणं सोपं," ती म्हणाली. स्वी किमच्या ओठांवर मेहेरबानीचं वाक्य आलं होतं. तिने ते चहाबरोबर गिळलं.

"महिन्याचा शेवटचा रविवार मी घेते," पेई यिन म्हणाली. "शनिवारच्या गाडीने येत जाईन."

खू अंकलनी फळीवर तिचं नाव लिहिलं. "आणि परीक्षा तेव्हाच होईल. दर महिन्याला. परीक्षक हजर नसेल तर निकाल लागणार नाही, आणि निकाल लागल्याशिवाय उमेदवाराला पेनांग सोडता येणार नाही." त्यांनी तिच्या मगात चहा ओतला, मग खिडकीकडे पाहिलं. माकड परत आलं होतं आणि बिस्किटांचा हिशोब करत बसलं होतं.

"ते पिवळे पडदे," खू अंकलनी विचारलं. "लांबी किती आहे त्यांची?"

पेई यिन खिडकीकडे बघत राहिली. मग हसली. "साडेचार फूट."

"पुरतील. येताना घेऊन ये."