हिरव्या लेबलची बाटली

त्या साली श्रावण दोन आले होते. पहिला अधिकाचा. तो धरायचा नसतो, असं केशव टाकळीकरांनी पंचांग उघडून सुनेला पटवलं आणि तो सबंध महिना रीतसर पिऊन काढला. दुसऱ्या श्रावणाला मात्र काही पळवाट नव्हती.

अट सुनेचीच होती. मे महिन्यात एका दुपारी चार वर्षांच्या सावनीला सांभाळायला म्हणून केशवराव घरी थांबले आणि आरामखुर्चीत झोपून गेले. पोरगी फाटक उघडून बाहेर पडली. गारखेड्यात नळाला आठव्या दिवशी पाणी यायचं, त्यामुळे गल्लीत टँकर उभा. सावनी त्याच्या मागच्या चाकाला टेकून सावलीत बसली. ड्रायव्हरनं गाडी सुरू करायच्या आधी सहज वाकून पाहिलं, म्हणून पुढचं टळलं. त्यानं तिला कडेवर आणून दिलं तेव्हा आजोबांना जागं करायला दोनदा हलवावं लागलं, आणि तोंडाचा वास त्यालाही आला.

स्वरदा आरडाओरडा करणाऱ्यांतली नव्हती. ती एवढंच म्हणाली, "बाबा, मला शेंद्र्याला नोकरी मिळतेय. सावनी तुमच्याजवळ राहणार असेल तर घेईन. श्रावण कोरडा काढून दाखवा. जमलं नाही तर शंतनू पुण्याला बदली मागेल. आम्ही जाऊ, आणि आईंनाही सावनीसाठी घेऊन जाऊ."

म्हणजे चार खोल्यांच्या घरात केशवराव एकटे.

त्यांनी महिन्याची तयारी आपल्या पद्धतीनं केली. सत्तावीस वर्षं ते चिकलठाण्याच्या एका बिअरच्या कारखान्यात चाखणारे अधिकारी होते. रोज सकाळी अकरा वाजता पांढरा कोट घालून ग्लास नाकाशी धरायचा, घोट जिभेवर फिरवायचा आणि कुठल्या टाकीचा माल आहे ते सांगायचं. एवढ्या कामावर त्यांनी घर बांधलं, मुलाला, शंतनूला, इंजिनियर केलं. घोट गिळायचाच असतो, कारण कडवटपणा जिभेच्या मागच्या टोकाला कळतो, हे ते पहिल्या वर्षी शिकले. बाकीचं अंगानं आपोआप शिकून घेतलं.

"संध्याकाळी सहाला हातात काहीतरी लागणार," ते बायकोला, मीनाक्षीबाईंना, म्हणाले. "सरबत चालणार नाही. बिनदारूची बिअर मिळते आता. पण त्यातली प्यायच्या लायकीची कुठली, ते बघायला हवं."

सहा प्रकारच्या बाटल्या आल्या. मीनाक्षीबाईंनी त्यांना वर्तमानपत्र गुंडाळून आकडे घातले. स्वरदा समोर बसली. केशवरावांनी वही उघडली. कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांची पाठ एवढी ताठ कुणी पाहिली नव्हती.

"एक नंबर. मक्याची कणसं उकडल्याचा वास. आंबवणं मध्येच थांबवलंय, घाई केलीय. दोन नंबर, ही तर मुलांच्या टॉनिकसारखी गोड. सावनीला द्या."

"बाबा!"

"गंमत केली गं. तीन नंबर, ओला पुठ्ठा. उन्हात ठेवलेला माल आहे, दुकानदाराला सांगा." चौथ्या ग्लासावर ते थांबले. पुन्हा घोट घेतला. "ही बरी. आधी तयार केली आणि मग दारू काढून घेतली. कडवटपणा शेवटपर्यंत टिकतो. फक्त अंग नाही हिला. माणूस आजारातून उठल्यावर कसा दिसतो, तशी."

पाचवी आणि सहावी त्यांनी एका घोटात बाद केली. चौथीचा कागद काढला. हिरवं लेबल निघालं.

"आजोबा, मी पण वास घेऊ?" सावनीनं विचारलं. स्वरदानं तिला उचलून आत नेलं, पण जाता जाता ती हसली होती. मे महिन्यानंतर पहिल्यांदाच.

हिरव्या लेबलची बाटली गारखेड्यात एकाच दुकानात मिळायची. कोपऱ्यावरचं कोल्ड्रिंकचं दुकान, बाहेर सोड्याच्या बाटल्यांची चवड, आत हातानं बूच बसवायचं जुनं यंत्र. काउंटरमागच्या माणसाच्या गळ्यात तुळशीची माळ होती. केशवरावांनी त्याला ओळखलं आणि परत फिरावं असं त्यांच्या मनात आलं.

"या साहेब," रामकिसन म्हणाला. "लई दिवसांनी."

रामकिसन कारखान्यात बूच मशीनवर होता. माळकरी माणूस. अकरा वर्षं बिअरच्या बाटल्या बंद केल्या, पण तोंडाला थेंब लावला नव्हता. २०१६च्या उन्हाळ्यात जायकवाडीचं धरण तळाला गेलं, कारखान्यांचं पाणी तोडलं आणि माणसं कमी करायची वेळ आली. त्याच सुमारास चाखायच्या खोलीतल्या नमुन्याच्या बाटल्या कमी भरत होत्या. त्या केशवराव पीत होते. चौकशी आली तेव्हा त्यांनी एका कागदावर लिहून दिलं: 'रामकिसन याच्या तोंडाला मला दहा फुटांवरून बिअरचा वास आला आहे.' सत्तावीस वर्षांच्या नाकाला कोण खोटं ठरवणार? रामकिसनला त्याच दिवशी फाटकाबाहेर काढलं. पुढच्याच महिन्यात त्याच्या पोरीचं ठरलेलं लग्न मोडलं. मुलाकडचे म्हणाले, माळ घालून पिणाऱ्याच्या घरची पोरगी नको.

"बरं चाललंय ना?" केशवरावांनी विचारलं.

"व्हय. देवाची कृपा. काय देऊ?"

"हिरव्या लेबलची. रोज एक. महिनाभर."

"बिनदारूची?" रामकिसननं त्यांच्याकडं पाहिलं. "का हो साहेब?"

मनातलं दडपण उतरल्याच्या आनंदात केशवरावांनी सगळं सांगून टाकलं. सून, नात, अट, पुणं. रामकिसन मान हलवत ऐकत राहिला. तो सगळं विसरला असावा, असं वाटून केशवराव हलक्या पावलांनी घरी आले. गरीब माणसं मनात फार काळ ठेवत नाहीत, असं ते मीनाक्षीबाईंना म्हणालेसुद्धा.

पहिले एकवीस दिवस त्यांनी खरोखर कोरडे काढले. पहिल्या आठवड्यात हात थरथरले, अंगाला घाम सुटला. आकाश कोरडं, नळ कोरडे, तेही कोरडे. सहा वाजता रामकिसनकडून बाटली आणायची, व्हरांड्यात बसून सावकाश प्यायची, आणि शेजारी सावनी पाण्याचा पेला घेऊन "चिअर्स आजोबा" म्हणायची. स्वरदानं नोकरीच्या ठिकाणी होकार कळवला. पोळ्यानंतरच्या सोमवारपासून रुजू व्हायचं होतं.

गोकुळाष्टमीच्या संध्याकाळी केशवरावांनी बाटली उघडली तेव्हा बुचाची कडा एका बाजूला किंचित दबलेली दिसली. त्यांनी पेल्यात ओतली. फेस जरा कमी होता. पहिला घोट घेतला.

अंग होतं तिला. आजारी माणूस अंथरुणातून उठून उभा राहिला होता.

घोट तोंडात तसाच ठेवून ते सावनीकडं बघत राहिले. थुंकायला समोर तुळशीची कुंडी होती. हाक मारायला मीनाक्षीबाई आत होत्या. काय झालंय, कुणी केलंय आणि कशासाठी केलंय, हे त्यांना तेवढ्या वेळात पुरतं समजलं.

त्यांनी घोट गिळला.

"चिअर्स आजोबा!"

"चिअर्स," ते म्हणाले आणि पेला संपवला.

दुसऱ्या दिवशी ते सहाऐवजी साडेपाचलाच दुकानात गेले. रामकिसननं बाटली पुढं केली. दोघांची नजरानजर झाली. "कशी हाये साहेब, नवी खेप?"

"बरी आहे," केशवराव म्हणाले.

असे आठ दिवस गेले. एक बाटली काही फार नव्हती. त्यांची जीभ जड होत नव्हती की पाय अडखळत नव्हते. रोज रात्री ते वहीत त्या दिवसापुढं बरोबरची खूण करत.

महिन्याचा शेवट पोळ्याला होता. पुरणपोळीचं जेवण झालं. शंतनू सोमवारच्या डब्याबद्दल बोलत होता, सावनी मातीच्या बैलांना पाणी पाजत होती, आणि फाटक वाजलं. रामकिसन पांढरी टोपी घालून आला होता. हातात पिशवी.

"बसत नाय सूनबाई," तो म्हणाला. "तुमच्या श्रावणाचं सांगायला आलो. अष्टमीपासून साहेबांना मी जी बाटली दिली तिच्यात खरी बिअर होती. मी भरली. बूच मीच बसवलं. जल्मात पयल्यांदा तिला हात लावला, रोज अंघोळ केली त्यापायी."

शंतनू उठला. "अरे काय माणूस आहेस! म्हाताऱ्या माणसाला फसवलंस?"

"फसवलं का नाय, ते साहेबांनी सांगावं." रामकिसननं पिशवीतून दोन बाटल्या काढल्या. दोन्हींवर हिरवं लेबल. "वहिनी, दोन पेले द्या. एकात खरी, एकात खोटी. साहेब दहा फुटांवरून वास घेत होते माझ्या तोंडाचा. आता तर पेला हातात हाये. बरोबर सांगितलं तर साहेबांची जीभ खरी. मंग आठ दिवस ते जाणून पीत होते. नाय सांगता आलं तर साहेब निर्दोष. मंग तेवढं एका कागदावर लिहून द्या, की माझा वास तुम्हांला आला नव्हता. कारण तुम्हांला वास कळतच नाय."

मीनाक्षीबाईंनी माहेरच्या सेटमधले दोन स्टीलचे पेले आणले. रामकिसन ते घेऊन ओट्यापाशी गेला, पाठमोरा होऊन ओतले आणि आणून टेबलावर ठेवले.

केशवरावांनी डावा पेला उचलला. ओठांपर्यंत न्यायचीही गरज नव्हती. तरी त्यांनी घोट घेतला. मग उजव्यातला घेतला. मग सवयीनं पुन्हा डाव्यातला. सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत होते. सत्तावीस वर्षं अकराच्या ठोक्याला लोक असेच बघायचे, आणि ते कधी चुकले नव्हते.

त्यांनी सावनीकडं पाहिलं.

"मला नाही कळत," ते म्हणाले. "दोन्ही सारख्याच लागतात. वय झालं."

रामकिसननं कागद पुढं केला. केशवरावांनी त्यावर लिहिलं, सही केली. अक्षर वाकडं आलं. त्याहून वाकडं तोंड त्यांनी जन्मात केलं नव्हतं, पण त्या कागदापायी नात जवळ राहिली, असं त्यांना वाटलं.

"म्हणजे बाबांना माहीतच नव्हतं," शंतनू म्हणाला. "स्वरदा, त्यांची काय चूक यात?"

"काही चूक नाही," स्वरदा म्हणाली. तिचा आवाज मऊ होता, आणि त्यामुळेच तो अधिक लागला. "पण शंतनू, ज्या माणसाला आपण दारू पितोय का पाणी, हे आठ आठ दिवस कळत नाही, त्याच्याजवळ मी पोर कशी ठेवू? मे महिन्यात निदान त्यांना माहीत तरी होतं. मी उद्या नोकरीला नाही म्हणून कळवते. तू बदलीचा अर्ज दे."

केशवरावांनी आता खरं सांगावं तरी पोर जाणार होती.

मग मीनाक्षीबाई पुढं झाल्या. त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. लोकांदेखत असा हात त्यांनी चाळीस वर्षांत ठेवला नव्हता.

"तुम्ही जा पोरीला घेऊन," त्या सुनेला म्हणाल्या. "मी इथंच राहते. फसवलं कुणीतरी यांना. आजारी माणसाला असं टाकून जाता येत नाही."

केशवरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं तरी उरलं, असं त्यांना वाटलं. रामकिसन दारात चपला घालत होता.

मीनाक्षीबाईंनी दोन्ही पेले उचलले आणि मोरीकडं निघाल्या. अर्ध्या वाटेत थांबल्या. श्रावणाचे दिवस, पुरणाचा नैवेद्य अजून देवापुढं होता. "आईचे पेले आहेत हो," त्या पुटपुटल्या. "ती खरी कुठल्यात होती? तो पेला भंगारात देऊन टाकते."

"डावा," केशवराव म्हणाले.

चाखायच्या खोलीत कुणी विचारलं की द्यायचं तसं उत्तर, लगेच आणि ठाम.

दारातला चपलांचा आवाज थांबला. "पेल्याच्या बुडाला बघा वहिनी," रामकिसन म्हणाला. "खऱ्याला कुंकू लावलंय."

मीनाक्षीबाईंनी डावा पेला उलटा केला. बिअर पायांवर सांडली. बुडाला कुंकवाचं बोट होतं. त्या त्या बोटाकडं बघत राहिल्या. मग त्यांनी पेला टेबलावर नवऱ्यासमोर ठेवला, आणि दुसरा, उजव्या हातातला, पदरानं पुसून घेतला.

"स्वरदा," त्या म्हणाल्या, "माझीही बॅग भरायची आहे. हा पेला तिच्यात ठेव."