दोघांनी ओढायची करवत

मी करवत बोलतेय. दोन मुठींची, पुरुषभर लांब. माणसांचे हात शिवशिवतात, माझे दात शिवशिवतात. पण आज जीव थाऱ्यावर नाही. आठ वर्षांनी मला भिंतीवरून उतरवलंय, आणि तेही वाटणीसाठी.

माझा जन्म लोहाराच्या भट्टीपुढचा. तिथून मला मिस्त्रींनी आणलं, या सुतारकामाच्या कारखान्याच्या मालकांनी. त्यांची एक रीत होती. दोन कारागीर भांडले की चूक कोणाची, हे ते विचारायचेच नाहीत. "करवतीला लागा," एवढंच म्हणायचे. मग त्या दोघांनी समोरासमोर उभं राहून एक जाडजूड खोड कापायचं. माझा नियम साधा. आपल्या पाळीला ओढायचं, दुसऱ्याच्या पाळीला हात सैल सोडायचा. रागानं कोणी ढकललं की मी वाकते आणि तिथंच अडकून बसते. पहिली वीतभर शिव्या, पुढं नुसता घाम, आणि खोड पडेपर्यंत दोघं एकाच तांब्यातून पाणी प्यायचे. माफी मागताना मात्र मी कोणालाच पाहिलं नाही. माणसांना तेवढं फार जड जातं बाई.

पुढं विजेचं यंत्र आलं आणि मी खुंटीला लागले. मिस्त्रीही गेले. त्यांच्या दोन मुलांचं बिनसलं, तेव्हा मला कोणी हात लावला नाही. कारण काय, तर थोरला गिऱ्हाइकासमोर म्हणाला, "हा अजून शिकतोय." धाकटा छत्तीस वर्षांचा! तेव्हापासून वर्षभर अबोला, आणि मधल्यामध्ये वहिनीची ओढाताण. "वहिनी, त्यांना सांगा, रंधा हवाय." आणि 'ते' हातभर अंतरावर बसलेले! मला हसू यायचं, चीडही यायची.

आज यंत्रं वाटली, फळ्या वाटल्या. उरलं अंगणातलं मोठं खोड, यंत्राच्या आवाक्याबाहेरचं.

"तेही निम्मं करा," वहिनी म्हणाली आणि मला दोघांच्या पायांशी आणून टाकलं. तिच्या मनात काय होतं, तिचं तिला ठाऊक.

धाकट्यानं पहिल्याच हाताला ढकललं. मी कमरेत वाकले.

"ओढ रे, ढकलू नकोस!" थोरला ओरडला. वर्षभरातलं हे पहिलं थेट बोलणं.

"मग तू सोड की! सोडतोस कधी तू?"

थोड्या वेळानं थोरल्याची मूठ सैल पडली आणि मी सरसर चालू लागले. किती बरं वाटलं म्हणून सांगू! भुसा दोघांच्याही पायांवर पडत होता.

मध्येच धाकटा थांबला. तळहाताला फोड आला होता.

"दाखव."

"काही नाही झालं."

थोरल्यानं खांद्यावरचं फडकं धाकट्याच्या मुठीला गुंडाळलं. मग कापाकडे बघत पुटपुटला, "तुझ्याइतकं सरळ मला कधीच जमलं नाही."

धाकट्यानं नाक तेवढं ओढलं.

निम्म्याहून जास्त कापून झालंय. खोड पडलं की वाटणी पुरी. मी कापत राहिले नाही तर हे बोलायचे नाहीत, आणि कापून संपलं तर दोन दिशांना जातील. मी करू तरी काय? पोरांनो, जरा हळू ओढा. आठ वर्षांची उपाशी आहे मी, तरी आज पहिल्यांदाच वाटतंय, हे लाकूड संपू नये.